छोट्या टॉर्चमध्ये नवा एलईडी: निचिया, ल्युमिनस, सॅमसंग की क्री?

टॉर्चची बॉडी दणकट, स्विच चांगला, काचेवर ओरखडाही नाही, पण उजेड मात्र निळसर आणि कडेला हिरवट. अशी टॉर्च टाकून देऊ नका. आतला एलईडी बदलला तर तीच टॉर्च नव्या, महागड्या टॉर्चच्या तोडीचा उजेड देते. प्रश्न एवढाच, की कोणता एलईडी घ्यायचा? माझं मत आधीच सांगतो: लुमेनच्या, म्हणजे एकूण उजेडाच्या मापाच्या, आकड्यावर जाऊ नका. उजेड डोळ्यांना दुप्पट वाटायला लुमेन साधारण चौपट व्हावे लागतात. त्यामुळे २०-३० टक्क्यांचा फरक कागदावरच राहतो. रंगातला फरक मात्र पहिल्या रात्रीच कळतो.

आधी डोकं उघडून माप बघा. खालच्या चौघांचंही माप ३५३५, म्हणजे ३.५ बाय ३.५ मिलिमीटर, म्हणून एकाच्या जागी दुसरा बसतो. जुना एलईडी ५०५० मापाचा, म्हणजे क्री एक्सएम-एल२सारखा असेल, तर एलईडी ज्यावर बसतो ती धातूची गोल प्लेटही बदलावी लागेल. लहान टॉर्चमध्ये ती बहुधा १६ किंवा २० मिलिमीटरची असते. प्लेट तांब्याचीच घ्या, आणि ज्यात एलईडीचा मधला पॅड थेट तांब्याला चिकटतो तीच. साध्या ॲल्युमिनियम प्लेटमध्ये मधे इन्सुलेशनचा थर असतो, तिथे उष्णता अडते. आणखी एक: एका सेलवर चालणाऱ्या टॉर्चमध्ये ६ व्होल्टचा एलईडी घालू नका, साधा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला करंट पुरवणारं सर्किट, त्याला पेटवू शकत नाही.

क्री एक्सपी-जी२ हा जुनाजाणता. टिकाऊ आहे, पण त्याच्या नेहमीच्या थंड पांढऱ्या प्रकारात सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचं १००पैकी माप) ७०च्या आसपास असतो, म्हणजे रंग फिके दिसतात. आज मुद्दाम विकत घ्यावा असं त्यात काही उरलेलं नाही.

सॅमसंग एलएच३५१डी या चौघांत सर्वांत जास्त उजेड देतो आणि ९० सीआरआयमध्येही मिळतो. डाय, म्हणजे एलईडीतला उजेड देणारा भाग, मोठा असल्यामुळे उजेड पसरट पडतो. घरात वीज गेली, गाडीचं बॉनेट उघडून काही बघायचं असलं, तंबूत स्वयंपाक करायचा असला, तर हाच घ्या. पण लांबचं बघायला तो कमी पडतो, आणि पांढऱ्या भिंतीवर किंचित पिवळट-हिरवी झाक दिसते.

ल्युमिनस एसएसटी-२० याच्या उलट. डाय लहान, त्यामुळे त्याच रिफ्लेक्टरमधून झोत लांब जातो. ४००० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या छटेचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळसर) ९५ सीआरआयवाला प्रकार रंग फार सुरेख दाखवतो, त्यासाठी थोडे लुमेन सोडावे लागतात. कमी करंटवर तो हिरवट होतो. रात्री मंद मोडवर चालणाऱ्याला ते खटकेल.

निचिया ५१९ए माझा आवडता. ९०च्या वर सीआरआय, लाल रंग भरीव, आणि मंद मोडवरही हिरवी झाक जवळजवळ नाही. झोत एसएसटी-२०इतका लांब जात नाही. तरीही ४५०० केल्विनचा घेतला तर मुंबईच्या माणसाला घर आणि ट्रेक दोन्हीकडे चालतो. सोसायटीच्या मीटर रूममध्ये जुन्या वायरिंगवर आधी थंड पांढरा उजेड टाका, मग हा टाका. लाल वायर आणि तपकिरी वायर वेगळी ओळखू येते. माथेरानच्या तांबड्या वाटेवर तर हा जिवाचा प्रश्न आहे. फुरसं असतं जेमतेम वीतभर-दोन वीत, रंगही मातीसारखाच तपकिरी. माती, पाचोळा आणि साप यांच्या छटा वेगळ्या दिसणं मला शंभर मीटर लांबच्या झाडापेक्षा जास्त मोलाचं वाटतं. राजमाचीच्या किंवा लोहगडच्या पावसाळी धुक्यात मात्र यातला कोणताही एलईडी जादू करत नाही. तिथे टॉर्च कपाळाऐवजी कमरेच्या उंचीवर धरायची, म्हणजे परतणारा उजेड थेट डोळ्यांत येत नाही.

ड्रायव्हर न बघता एलईडी मागवू नका. एए सेलच्या टॉर्चमध्ये करंट एवढा कमी असतो की सॅमसंगची ताकद वाया जाते. तिथे निचिया किंवा ल्युमिनसच. १८६५० या जाड लिथियम सेलच्या टॉर्चमध्ये करंट ठरावीक ठेवणाऱ्या ७१३५ चिपचा ड्रायव्हर असेल तर प्रत्येक चिप ३५० मिलिॲम्पिअर देते, म्हणजे आठ चिपचे २.८ ॲम्पिअर. एवढ्यात चौघंही सुखाने चालतात. पण करंटला मर्यादा न घालणारा एफईटी ड्रायव्हर असेल तर सांभाळा. निचिया आणि ल्युमिनस कमी व्होल्टेजवर चालतात, त्यामुळे ताज्या चार्ज केलेल्या सेलमधून ते भरमसाट करंट ओढतात. ३ ॲम्पिअर म्हणजे सुमारे ९ वॅट, त्यातला बराच भाग उष्णता होतो, आणि मे महिन्यातल्या मुंबईत बोटभर टॉर्चला ती बाहेर टाकायला वाव नसतो. किचेनच्या टॉर्चला १ ॲम्पिअर पुरे.

सोल्डर पेस्ट, थर्मल पेस्ट, बारीक चिमटा हे सगळं मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळेल. सोल्डरिंगची सवय नसेल तर एलईडी तांब्याच्या प्लेटवर आधीच बसवलेला मागवा, मग दोन वायरी जोडल्या की झालं. स्वतः बसवणार असाल तर प्लेट खालून तापवा. पेस्ट चकाकली की चिमट्याने एलईडीला हलकासा धक्का द्या. तो आपोआप सरकून जागेवर परत आला तर पॅड नीट धरलाय. रिफ्लेक्टर लावण्याआधी इन्सुलेशनची गोल चकती घाला आणि तिचं भोक ३५३५चंच आहे ना ते बघा. एक्सएम-एल२ची जुनी चकती तशीच ठेवली तर एलईडी मधोमध राहत नाही आणि झोत वाकडा पडतो.