धातूची पावडर तापवायची कशाने: लेझर की आरएफ कॉईल?

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागाला इंडक्शन, म्हणजे कॉईलच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्राने धातू तापवणं, नवं नाही. शाफ्ट तापवून कडक करणाऱ्या (हार्डनिंगच्या) शेडमध्ये पाणी खेळवलेली तांब्याची कॉईल सगळ्यांनी पाहिलेली असते. त्यामुळे धातूच्या थ्रीडी प्रिंटिंगचा विषय निघाला की कुणीतरी विचारतंच, महागड्या लेझरऐवजी पावडर कॉईलनेच तापवली तर? प्रश्न रास्त आहे, पण शाफ्टचा अनुभव इथे लागू पडत नाही.

लेझर मशिनमध्ये साधारण १५ ते ४५ मायक्रॉनची पावडर पातळ थरात पसरते आणि आर्गॉनमध्ये लेझरचा बारीक ठिपका हवी तेवढीच रेष वितळवतो. जॉबला आकार येतो तो या ठिपक्यामुळे. आरएफ, म्हणजे रेडिओ वारंवारतेवर चालणाऱ्या कॉईलचं क्षेत्र मात्र कॉईलमधल्या सगळ्या पावडरवर पसरतं, त्यामुळे आकार आधी बाइंडरने (चिकटवणाऱ्या द्रव्याने) किंवा दाबून द्यावा लागतो.

खरी मेख एडी करंट (क्षेत्रामुळे धातूत फिरणारा प्रवाह) किती खोल शिरतो यात आहे. ३१६एल या स्टेनलेस स्टीलमध्ये १०० किलोहर्ट्झला ही खोली सुमारे १.४ मिमी, १३.५६ मेगाहर्ट्झला सुमारे ०.१२ मिमी. ३० मायक्रॉनचा कण त्याच्याही चौथाईचा! क्षेत्र त्यातून जवळजवळ आरपार जातं आणि कण जेमतेम तापतो. कणांवर ऑक्साइडचा पापुद्रा असल्याने करंट शेजारच्या कणातही सहज जात नाही. पुढे कण एकमेकांना चिकटू लागले की करंटला मोठी वाट मिळते आणि तापमान एकदम उसळतं. ही उसळी आवरणं सगळ्यात अवघड. म्हणून हार्डनिंगचा जुना सेट सुट्या पावडरवर लावू नका.

तांब्याचं गणित उलटं आहे. नेहमीचा इन्फ्रारेड लेझर तांब्यावरून बराचसा परावर्तित होतो. हिरवा लेझर चालतो, पण खर्च वाढतो. आरएफला मात्र १३.५६ मेगाहर्ट्झला तांब्यातली खोली फक्त १८ मायक्रॉन, म्हणजे ४० मायक्रॉनचा कण चांगला पकडतो. नाशकात स्विचगिअरची (वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या उपकरणांची) कामं बरीच आहेत. तांब्याचे छोटे, आधीच आकार दिलेले भाग सिंटर करायचे (न वितळवता तापवून कण एकजीव करायचे) असतील तर आरएफची चाचणी जरूर घ्या.

नाशिकजवळच्या ओझरच्या विमानकामासारखे टायटॅनियम, इन्कोनेलचे (निकेलच्या मिश्रधातूचे) गुंतागुंतीचे भाग हवे असतील तर लेझरच घ्या, तेही आधी बाहेरून जॉबवर्क करून घेऊन. टूल स्टीलला तडे जात असतील तर लेझर मशिनची बेसप्लेट (जिच्यावर जॉब उभा राहतो ती) इंडक्शनने गरम ठेवणं मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. प्लेट सलग धातूची, त्यामुळे तिथे कॉईल मनासारखं काम करते.

टायटॅनियम, ॲल्युमिनियमची पावडर पेट घेते आणि तिच्यावर पाणी मारायचं नसतं. आर्गॉन गळला तर बंद शेडमध्ये जीव गुदमरतो, तेव्हा ऑक्सिजन सेन्सर हवाच.

आरएफ मशिन विकायला कुणी आलं तर तुमचीच पावडर त्याच्याकडून तापवून घ्या. तुकडा मधोमध कापा, पॉलिश करा आणि कडेची व गाभ्याची सच्छिद्रता सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी-शेजारी बघा.