माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी मोडीत घालताना: रविवार पेठेतला व्यवहार कसा आहे

जुन्या घराचा माळा उतरवला की सगळ्यात जड निघतात ती तांब्या-पितळेची भांडी. पुण्यात त्यांच्यासाठी रविवार पेठेतली भांड्यांची दुकानं सोयीची आहेत. मोड वजनावर घेतात, रोख देतात किंवा नव्या भांड्यांत वळती करून देतात. चाळीस-पन्नास किलोचं ओझं एका सकाळीत मार्गी लागतं. मात्र तयारी न करता रिक्षा भरून गेलात, तर पैसे कमीच हातात येतील.

आधी धातू वेगळे करा. तांब्याचा भाव पितळेपेक्षा बराच चढा असतो. सरमिसळ ढीग काट्यावर चढला की सगळ्याला पितळेचा भाव लागण्याची भीती. काळवंडलेल्या भांड्यात फरक कळत नाही, म्हणून बुडाशी कानशीने जरासं घासा: लालसर निघालं तर तांबं, पिवळं निघालं तर पितळ. काशाची वाटी टिचकी मारली की बराच वेळ घुमत राहते. तिचा ढीग निराळा.

खरी गफलत होते ती बंबात. टाकी तांब्याची, तोटी पितळेची आणि आतली जाळी लोखंडी. चुंबक फिरवून लोखंड घरीच काढा. तसंच नेलं तर दुकानदार अंदाजाने घट, म्हणजे वजनातली वजावट, धरतो, आणि तो अंदाज कधी आपल्या बाजूने नसतो. राख, काजळी, कळशीच्या तळाशी साठलेला गाळ, पोकळ बैठकीत भरलेली लाख, या सगळ्यांची घट होते. घासून, उन्हात वाळवून, हुकाच्या काट्यावर तोलून प्रत्येक ढिगाचं वजन कागदावर मांडून न्या.

दुकानात मोडीचा भाव आणि नव्या भांड्याचा भाव वेगवेगळा विचारा. ‘बदलून घ्या, वर थोडेच द्या’ या बोलण्यात नव्याची घडणावळ झाकली जाते. जुन्याच्या वजनाला घडणावळ मिळत नाही, नव्याची मात्र द्यावी लागते. नवं काही नको असेल तर सरळ रोख घ्या. घर रिकामं करताना तेच बरं. भाव रोज हलतो, तेव्हा निघण्यापूर्वी दोन दुकानांत फोन करा.

सगळंच मोडीत घालू नका. मठारकाम, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांचं काम, केलेलं धड घंगाळ मोडीच्या भावाने देणं म्हणजे कारागिराची मेहनत फुकट घालवणं. ते आधी कसबा पेठेतल्या तांबट आळीत दाखवा. पातेल्याची नुसती कल्हई गेली असेल, तर कल्हई करून ते कुणा स्वयंपाक करणाऱ्याला द्या. स्टील आणि जर्मनची (ॲल्युमिनियमची) भांडी इथे आणू नका, भंगारवाल्याकडेच जाऊ द्या.

कोरलेल्या नावाला मोडीत दाम नाही. पणजीच्या नावाचं एक फुलपात्र बाजूला काढा, बाकीच्या नावांचे फोटो घ्या आणि मगच पोतं बांधा.