‘आम्हालाच पीएफ नको’ असं लिहून घेणारा कागद

चाकण असो की बुटीबोरी, ठेक्यावरच्या भरतीत सह्यांच्या गठ्ठ्यात एक इंग्रजी पान हमखास असतं. बँकेचा फॉर्म आणि आधारची झेरॉक्स यांच्या मध्ये दडलेलं. मजकूर एवढाच, की मला पीएफ नको, पूर्ण पगार हातात द्या. तारखेची जागा कोरी. तपासणी आली की हीच पानं टेबलावर येतात: “साहेब, आमच्या लोकांनाच नकोय!”

ते अर्धवट खरंही असतं, कारण विचारतातच तसं. “कापू की हातात देऊ?” म्हटल्यावर घरभाडं थकलेला माणूस दुसरं काय सांगणार? कंपनीचा वाटाही बुडतोय, हे त्याला कोणी सांगत नाही.

मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १४,००० धरा. कामगाराचे १२ टक्के, म्हणजे १,६८० हातात येतात. ते त्याचेच होते. कंपनीने भरायचे १,६८० मात्र गायब. त्यातले १,१६६ पेन्शनला, ५१४ पीएफला गेले असते. शिवाय विम्याचे ७० आणि प्रशासकीय खर्चाचे ७०. कंपनीची महिन्याची बचत १,८२०. आणि नोकरीत असताना माणूस गेला, तर वारसांचा ७ लाखांपर्यंतचा विमा अडकतो तो वेगळाच.

आस्थापनेला पीएफ लागू असेल आणि रुजू होताना हे वेतन १५,००० पर्यंत असेल, तर ‘नको’ म्हणायची मुभा कामगारालाही नाही. त्या सहीला किंमत शून्य. म्हणून खरी चलाखी फॉर्म ११ मध्ये, म्हणजे रुजू होताना भरायच्या पीएफच्या घोषणापत्रात चालते: “आधी पीएफचे सदस्य होता का?” यापुढे ठेकेदाराचा माणूसच ‘नाही’वर खूण करतो आणि वेतन १५,००० च्या वर दाखवतो, म्हणजे कामगार कागदावर पीएफबाहेर. आधीच्या खात्यातले पैसे काढलेले नसतील, तर वेतन जास्त असूनही सदस्यत्व चालूच राहतं.

भरलेल्या फॉर्म ११ चा फोटो सहीआधी काढा. मागच्या महिन्याचे पैसे १५ तारखेपर्यंत भरायचे असतात. त्यानंतर आठवडाभराने उमंग ॲपवर पासबुक बघा. स्लिपवर कपात आहे आणि पासबुकात नोंद नाही, तर स्लिप, बँकेचा उतारा आणि हजेरी कार्डाचा फोटो जोडून ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या, तक्रार पोर्टलवर तक्रार टाका.

मग धाक येतो, “आता मागचं सगळं तुझ्याच पगारातून कापू.” तसं कापता येत नाही. राहून गेलेला कामगाराचा वाटाही मालकानेच भरायचा. निव्वळ कारकुनी चूक असेल तरच, तीही निरीक्षकाची लेखी संमती घेऊन, वसुली करता येते.