तिने एकही प्रश्न विचारला नाही

रेस्क्यूच्या, म्हणजे जखमी-बेवारस प्राण्यांना वाचवण्याच्या नावाखाली कुत्र्यांची आजारी पिल्लं खपवणाऱ्या एका बाईने आम्हाला फसवलं. पैसे गेलेच, आणि एक कोवळा जीवही गेला. सध्या कुणी पिल्लू दत्तक घ्यायच्या विचारात असेल तर त्याला काय बघायचं ते आधी कळावं, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आम्हाला कुत्रा विकत घ्यायचा नव्हता. माद्यांना पिंजऱ्यात डांबून वर्षानुवर्षं पिल्लं काढायची आणि विकायची, अशा धंद्याला आपला एक पैसाही द्यायचा नाही, हे घरात सगळ्यांचंच मत. त्यामुळे दत्तकच घ्यायचं ठरलं आणि शोध सुरू झाला. सोशल मीडियावर या बाईचं पान सापडलं. जखमी कुत्र्यांचे फोटो, सलाईन लावलेली मांजरं, ‘आधी’ आणि ‘नंतर’ची जोड-छायाचित्रं, खाली शेकडो लोकांचे आशीर्वाद. एका काळ्या-पांढऱ्या पिल्लाचा फोटो होता. आई गाडीखाली गेली, भावंडांतलं हे एकटंच वाचलं, वय साडेतीन महिने, लसीकरण पूर्ण, असं लिहिलं होतं.

मेसेज केला आणि लगेच उत्तर आलं. “ताई, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून या मुक्या जीवांचं भलं होतं.” पिल्लू मोफत, फक्त लसी, जंताचं औषध आणि पोहोचवण्याचा खर्च तेवढा द्यायचा. तोही आजच, कारण आणखी एक कुटुंब त्याच पिल्लासाठी थांबलंय. या सगळ्या बोलण्यात तिने आमच्याबद्दल काहीही विचारलं नाही. घर स्वतःचं की भाड्याचं, दिवसभर घरी कोण असतं, लहान मुलं आहेत का, आधी कधी कुत्रा पाळलाय का, गावाला गेलो तर त्याला कोण सांभाळणार, यातलं एक अक्षर नाही. त्या वेळी वाटलं, किती साधी बाई आहे, उगाच चौकश्या करत नाही.

नंतर मी खऱ्या रेस्क्यूच्या कार्यकर्त्यांशी बोलले. ते लोक अक्षरशः उलटतपासणी घेतात. घर बघायला येतात, घरातल्या प्रत्येकाची संमती विचारतात, नसबंदीचं लेखी आश्वासन घेतात आणि ‘सांभाळणं जमलं नाही तर पिल्लू आमच्याकडेच परत आणायचं, दुसऱ्याला द्यायचं नाही’ असं करारपत्रात लिहून घेतात. अनेकांना याचा राग येतो. मला आता त्या प्रश्नांचं मोल कळतं. ज्याने रात्ररात्र जागून एखादा जीव वाचवलाय, तो माणूस त्याला कुणाच्या हातात देतोय हे विचारल्याशिवाय राहूच शकत नाही.

आम्ही शेल्टर बघायला येतो म्हटलं, तर ती म्हणाली की बाहेरच्यांमुळे संसर्ग होतो, कुणालाच आत सोडत नाही. बरं, मग व्हिडिओ कॉलवर दाखवा. तेव्हा नेटवर्क नव्हतं. पैसे पोहोचल्यावर एक मुलगा भर रस्त्यात गाडी थांबवून खोकं आमच्या हातात देऊन गेला. त्याने आमचं नावही नीट विचारलं नाही.

पिल्लाला पावडरीचा घमघमाट येत होता. पोट टम्म फुगलेलं, डोळे अर्धवट मिटलेले. “प्रवासानं दमलंय, झोपू द्या,” असा तिचा मेसेज आला. मुलीने त्याचं नाव बंड्या ठेवलं. दुसऱ्याच दिवशी त्याने पाणीसुद्धा पोटात ठेवलं नाही. मग पिवळट फेसाच्या उलट्या आणि संध्याकाळी रक्ताचे जुलाब. तो वास एकदा आला की विसरता येत नाही. तसंच उचलून दवाखान्यात नेलं. विष्ठेची तपासणी तिथल्या तिथे झाली आणि पार्व्हो निघाला, म्हणजे पिल्लांचा जीव घेणारा विषाणूचा रोग.

डॉक्टरांनी सलाईन लावत लावतच त्याचं तोंड उघडून मला दात दाखवले. पिल्लांचे दुधाचे दात तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून यायला लागतात आणि साधारण आठ आठवड्यांपर्यंत सगळे २८ येतात. साडेतीन महिन्यांच्या पिल्लाचे तर पुढचे दुधाचे दात पडायलाही लागलेले असतात. बंड्याच्या दाढा तेव्हा कुठे हिरडीतून वर येत होत्या. “हे सहा आठवड्यांच्या वर नाही,” डॉक्टर म्हणाले.

मग त्यांनी लसीकरणाचं कार्ड मागितलं. त्यावर लसीचे दोन डोस आणि रेबीजची नोंद होती. पहिल्या डोसची तारीख दोन महिन्यांपूर्वीची, म्हणजे हे पिल्लू जन्मलंही नव्हतं तेव्हाची. तिन्ही नोंदी एकाच पेनने, एकाच बसल्या बैठकीत केल्यासारख्या. लसीच्या बाटलीवर बॅच नंबर आणि मुदतीची तारीख असलेलं छोटं लेबल असतं, ते सोलून कार्डावर चिकटवतात. आमच्या कार्डावरचं लेबल डिंकाने चिकटवलेलं होतं. डॉक्टरांनी नखाने कोपरा उचलला, तर खाली आधीच्या लेबलाची फाटकी कड दिसली. नावाच्या जागी खाडाखोड. कुठल्यातरी दुसऱ्याच कुत्र्याचं कार्ड होतं ते. शिक्का होता, पण त्यात डॉक्टरचा नोंदणी क्रमांक नव्हता.

वयाचं खोटं त्यांना का सांगावं लागतं, हेही तेव्हाच समजलं. पिल्लाला लसींची मालिका सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करतात आणि दर दोन ते चार आठवड्यांनी डोस देत सोळाव्या आठवड्यापर्यंत किंवा त्याच्याही पुढे नेतात. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही आणि ती नेमकी कधी ओसरेल ते प्रत्येक पिल्लागणिक वेगळं असतं, म्हणून हे एवढे डोस. सहा आठवड्यांचं पिल्लू ‘लसीकरण पूर्ण’ असूच शकत नाही. खरं तर ते तेव्हा आईजवळच असायला हवं.

पार्व्होचा विषाणू शरीरात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात. बंड्या आमच्याकडे आल्याच्या दुसऱ्याच दिवशी आजारी पडला. म्हणजे तो तिथूनच रोग घेऊन आला होता, आणि त्याची सुस्ती पाहून देणाऱ्यांनाही ते दिसलंच असणार. या रोगात वेळेवर सलाईन, उलट्या थांबवणारी औषधं आणि चोवीस तास देखरेख मिळाली तर बरीच पिल्लं वाचतात. आमच्या हाती तो आला तोवर उशीर झाला होता. तो गेला. मुलगी अजूनही त्याचं नाव काढलं की बोलत नाही.

मी त्या बाईला फोन केला. मला निदान एवढं सांगायचं होतं की तुमच्याकडच्या बाकीच्या पिल्लांना तपासून घ्या. ती म्हणाली, “ताई, वाईट वाटून घेऊ नका, उद्याच दुसरं पाठवते. फक्त पोहोचवण्याचा खर्च द्या.”

हे ऐकून माझे हातपाय गार पडले. पार्व्होचा विषाणू घरात महिनोन्महिने टिकतो, सावलीतल्या ओलसर मातीत वर्षभरसुद्धा. नेहमीची बरीचशी जंतुनाशकं त्याला मारत नाहीत. फरशी आधी स्वच्छ धुवून मग ३० भाग पाण्यात एक भाग ब्लीच घालून, ते दहा मिनिटं ओलं ठेवायचं, असं आम्हाला डॉक्टरांनी सांगितलं. मऊ गाद्या, पांघरुणं तर फेकूनच द्यावी लागली. अशा घरात लस पूर्ण न झालेलं पिल्लू पाठवणं म्हणजे त्याला मरायला पाठवणं. प्राण्यांचं काम करणाऱ्या कुठल्याही माणसाला हे पहिल्या वर्षातच माहीत होतं. तिला माहीत नव्हतं, किंवा फिकीर नव्हती.

त्यानंतर मी तिच्या पानावरचे फोटो एकेक करून इमेज सर्चमध्ये टाकले. पाय मोडलेला कुत्रा, जिच्या ऑपरेशनसाठी देणग्या मागितल्या होत्या ती मांजर, हे फोटो कित्येक वर्षांपूर्वीचे आणि भलत्याच देशांतल्या संस्थांचे निघाले. जुन्या पोस्टवर ज्यांनी शंका विचारल्या होत्या, त्यांच्या कॉमेंट्स गायब. त्यांच्यापैकी काहींशी संपर्क झाला तेव्हा तीच कहाणी ऐकायला मिळाली: तेच खोकं, तसंच कार्ड, तीच पावडर. एकाच आठवड्यात वेगवेगळ्या घरी गेलेली पिल्लं हुबेहूब सारखी, आणि प्रत्येकाला सांगितलेलं की हे एकटंच वाचलंय. आमची सगळ्यांची खात्री झाली आहे की विकली न गेलेली किंवा आजारी पडलेली पिल्लं कुणीतरी या मार्गाने बाहेर काढतंय.

रेस्क्यूने पैसे मागणं यात गैर काही नाही. लसी, नसबंदी, औषधं यांचा खर्च खरा असतो आणि चांगल्या संस्था दत्तक शुल्क घेतात. पण त्या संस्थेच्या नावाने पावती देतात, उपचार करणाऱ्या डॉक्टरचं नाव सांगतात, आणि तुम्ही त्या डॉक्टरला फोन केलात तर त्यांना राग येत नाही. नवीन आलेलं पिल्लू साधारण दोन आठवडे वेगळं ठेवूनच पुढे देतात. मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची बारीक चिप) बसवली आहे असं सांगितलं तर स्कॅनर लावून १५ अंकी क्रमांक तुमच्यासमोर कागदाशी ताडून दाखवायला सांगा, आणि चिप कुणाच्या नावावर नोंदलेली आहे तेही विचारा. शक्य असेल तर ताबा घेतल्यावर घरी न जाता थेट तुमच्या ओळखीच्या डॉक्टरकडे जा. घरी आधीचा कुत्रा असेल तर हे टाळूच नका.

आम्ही सगळ्यांनी मिळून पोलिसांत आणि ऑनलाइन फसवणुकीच्या विभागात तक्रार दिली आहे. चॅट, पैसे पाठवल्याची नोंद, डॉक्टरांचा अहवाल आणि ते कार्ड, सगळं जोडलं आहे. लेबलवरच्या बॅच नंबरवरून ती लस कुणाला विकली गेली याचा माग लागू शकतो, म्हणून कंपनीलाही लिहिलं आहे. तुमच्याकडे असं डिंकाने चिकटवलेलं लेबल असलेलं कार्ड असेल तर ते फेकू नका, लेबल उपटून बघू नका, दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा आणि तुमच्या पिल्लाला आजच्या आज डॉक्टरांना दाखवा, ते खेळत-बागडत असलं तरीही.