यामाहा एचएस५ : खोलीशी जुळवून घेणारे दोन स्विच

यामाहाच्या एचएस५ या स्टुडिओ मॉनिटरमध्ये, म्हणजे ध्वनिमुद्रण तपासून ऐकण्याच्या स्पीकरमध्ये, ५ इंची वूफर (खालच्या स्वरांसाठी) आणि १ इंची ट्वीटर (वरच्या स्वरांसाठी) आहे. मात्र लहान खोलीत काम करणाऱ्यांसाठी त्याच्या पाठीवरचे दोन स्विच मला अधिक मोलाचे वाटतात. 'रूम कंट्रोल' हा स्विच ५०० हर्ट्झखालचा आवाज २ किंवा ४ डेसिबलने उतरवतो, तर 'हाय ट्रिम' वरच्या पट्टीत २ डेसिबलची वाढ किंवा घट करतो.

स्पीकर भिंतीलगत ठेवला की खर्जाला, म्हणजे बासला, भिंतीचे बळ मिळते आणि गाण्याचे मिश्रण (मिक्सिंग) करणारा नकळत बास कमी ठेवतो; अशा वेळी उणे २ वर आवाज स्वच्छ होतो, कोपऱ्यात उणे ४ लागू शकतो. मात्र स्पीकरचा दर्शनी भाग मागच्या भिंतीपासून ६० सेंटिमीटरवर असेल, तर भिंतीवरून परावर्तित झालेली लहर मूळ लहरीच्या उलट कलेत (फेजमध्ये) येऊन तिला खोडते आणि साधारण १४३ हर्ट्झला आवाजात खड्डा पाडते, आणि तो कोणत्याही स्विचने भरत नाही, कारण आवाज वाढवला की परावर्तनही तितकेच वाढते. म्हणून आधी जागा बदलावी, मोजमापाच्या मायक्रोफोनने तपासावे आणि मगच स्विचला हात लावावा.

हाय ट्रिम मी शून्यावरच ठेवतो. उघड्या, कडक भिंतींच्या खोलीत उणे २ ने कानांना आराम मिळतो खरा, पण घुमारा तसाच राहतो; त्यासाठी शोषक फलकच हवेत.