एक कॉइल की दोन? फरक वीज गेल्यावर कळतो

डबल ॲक्टिंग सिलिंडर (हवेच्या दाबानं दोन्ही दिशांना चालणारा) पुढे-मागे करायला 5/2 व्हॉल्व्ह (पाच तोंडं, दोन स्थिती) लागतो, इथवर वाद नाही. प्रश्न पडतो तो व्हॉल्व्ह विजेवर सरकवणारी कॉइल एक घ्यावी की दोन, याचा.

एका कॉइलच्या व्हॉल्व्हला दुसऱ्या बाजूला स्प्रिंग असते. 24 व्होल्ट मिळताहेत तोवर सिलिंडरचा दांडा पुढे. सप्लाय तुटला की स्प्रिंग स्पूलला (व्हॉल्व्हमधला हवेची वाट बदलणारा सरकता भाग) ढकलते आणि दांडा मागे येतो. बटण सोडल्यावरही तो पुढेच राहायला हवा असेल, तर रिलेचं लॅचिंग करावं लागतं, म्हणजे बटण सोडलं तरी रिले कॉइलचा सप्लाय चालू ठेवतो. पीएलसीचं (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचं) मात्र एकच आउटपुट पुरतं.

दोन कॉइलवाल्याला क्षणभराचा पल्स बास. स्पूल गेला तिथेच थांबतो, वीज गेली तरी. म्हणून जॉब (ज्यावर काम चाललंय तो तुकडा) पकडणाऱ्या क्लॅम्पला मी हाच लावेन. 50 मिमी बोअरचा सिलिंडर 6 बारला साधारण 1180 न्यूटन, म्हणजे 120 किलोच्या आसपास जोर देतो. ड्रिल फिरत असताना ती पकड सुटली तर जॉब गरगरत हातावर येतो. (हवेचा दाबच गेला तर हाही वाचवत नाही, तिथे सिलिंडरजवळ आतली हवा अडवून ठेवणारा पायलट चेक व्हॉल्व्ह हवा.) दोन्ही कॉइलना एकदम सप्लाय मिळाला तर आधीचा सिग्नल टिकतो, दुसरा वाया जातो. दोन्ही एकदम चालू होऊ न देणारा इंटरलॉक घालाच.

वीज जाताच मागे येणंच सुरक्षित असेल, उदाहरणार्थ कन्व्हेअरवरचा (सरकत्या पट्ट्यावरचा) माल ढकलणारा पुशर, तर स्प्रिंगवाला बरा. पण दांडा मागेही जोरानंच येतो, इमर्जन्सी स्टॉप दाबून लगेच हात घालू नका.