शिमोनादा स्टेशन : आठ महिने रोज वापरल्यावर

फोटो काढायला जपानमधल्या शिमोनादाला येणारे खूश होऊनच परततात. मी मात्र त्या गावात भाड्याच्या घरात आठ महिने राहिलो आणि कामासाठी रोज मात्सुयामा शहरात जा-ये केली, एका बाजूला साधारण तासभर. त्यामुळे हे स्टेशन मी नजाऱ्यासाठी कमी आणि गाडी पकडण्यासाठी जास्त वापरलं.

शिकोकू बेटावरच्या एहिमे प्रांतातलं, योसान मार्गावरचं हे स्टेशन १९३५चं. एक फलाट, एक रूळ, छोटी लाकडी इमारत, कर्मचारी एकही नाही. फलाटावर छपराखाली बाकडी आणि समोर इयोनादाचा समुद्र. कोकण रेल्वेने इतक्या वर्षांत इतका समुद्र दाखवला नव्हता! पूर्वी लाटा थेट फलाटाच्या पायथ्याशी यायच्या. पुढे मधून ३७८ क्रमांकाचा महामार्ग गेला. तो खालच्या अंगाला असल्याने फोटोत येत नाही, पण कानाला कळतो.

खरी गोष्ट वेळापत्रकाची. १९८६ मध्ये उचिकोमार्गे डोंगरातून जवळचा लोहमार्ग झाला आणि जलद गाड्या तिकडे वळल्या. किनाऱ्यावर उरल्या फक्त लोकल, म्हणजे बहुतेकदा एका डब्याची डिझेल गाडी. मुंबईच्या लोकलसारखं ‘ही गेली तर पुढची’ इथे विसरायचं. पुढची दोन तासांनीही असू शकते. पहिल्या महिन्यात हे पाळलं नाही, भोगलं. नंतर मासळी आणणं, केस कापणं, घरी फोन लावणं, सगळं गाडीच्या वेळेवर बसवलं आणि गंमत म्हणजे ते अंगवळणी पडलं.

चढायचं मागच्या दाराने, तिथल्या यंत्रातून आकड्याची चिठ्ठी घ्यायची. पुढच्या फलकावर त्या आकड्याखाली भाडं वाढत जातं. उतरताना ड्रायव्हरशेजारच्या पेटीत चिठ्ठी आणि नेमके पैसे टाकायचे. मी एकदा दहा हजार येनची नोट घेऊन उभा राहिलो. यंत्र ती घेईना, ड्रायव्हर शांतपणे थांबलेला, मी घामाघूम. शेवटी मागच्या आजींनी पिशवीतून सुटे काढून दिले. तेव्हापासून खिशात हजाराच्या नोटा आणि चिल्लर कायम.

सूर्यास्ताबद्दल वेगळं काय सांगू? उन्हाळ्यात तो ऐन समुद्रात होतो, हिवाळ्यात सूर्य बराच डावीकडे सरकतो. पण जानेवारीत वायव्येचा वारा सरळ तोंडावर येतो आणि त्या छपराला भिंती नाहीत. मी लाकडी खोलीत बसायचो आणि रूळ वाजले की बाहेर यायचो.

सुट्टीच्या दिवशी ‘इयोनादा मोनोगातारी’ ही पर्यटकांची गाडी येते. २०१४ पासून धावते, इथे काही मिनिटं थांबते. गावकरी तिला हात हलवून निरोप देतात, आणि पुढे गोरो स्टेशनवर तर लोक तानुकीचा, म्हणजे तिथल्या रानकुत्र्यासारख्या प्राण्याचा, वेष घालून उभे असतात. पहिल्यांदा मला हसू आलं होतं. तिसऱ्या महिन्यात मीही हात हलवत होतो.

बाकी गर्दी मोटारीने येते. एका संध्याकाळी मला मात्सुयामाला जायचं होतं, बाकड्यावर बसलो होतो. एका जोडप्याने अगदी वाकून विनंती केली की फोटोपुरतं जरा बाजूला व्हाल का. झालो. गाडी आली तेव्हा फलाटावर तीसेक माणसं असतील. कॅमेरे सगळ्यांचेच वर गेले, चढलो मी एकटा.